डावीकडची खुर्ची

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला आणि निकालपत्राच्या अकराव्या तळटीपेत मानसशास्त्रज्ञांच्या अभ्यासांचा हवाला दिला. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत, आयोवा राज्यातल्या एका लहान कॉलेजात, हॅडली नावाच्या प्राध्यापकांनी ती टीप वर्गात मोठ्याने वाचून दाखवली. माणूस दुसऱ्याच्या मतामागे का जातो हे मोजण्यासाठी आपण तळघरातल्या दोन खोल्या मागून घेतल्या आहेत, असेही त्यांनी सांगितले. दुसऱ्या वर्षाचा आर्विड टोलेफसन त्या वेळी टीप ऐकत नव्हता. दोन रांगा पुढे बसलेल्या लायल प्रॉक्टरने काहीतरी पुटपुटले होते आणि त्याच्या आजूबाजूची सगळी बाके हसली होती. तोच विनोद आर्विडने आदल्या आठवड्यात केला होता. तेव्हा कोणी मानसुद्धा वळवली नव्हती.

हॅडलींनी प्रयोगासाठी जी दोन मुले निवडली, ती नेमकी हीच.

काम सोपे होते. पहिल्या वर्षाचा एखादा विद्यार्थी खोलीत येई आणि मधल्या खुर्चीवर बसे. डावीकडे लायल, उजवीकडे आर्विड. दोघेही आपल्यासारखेच बोलावलेले विद्यार्थी आहेत, अशी त्याची समजूत करून दिलेली असे. पडद्यावर ठिपक्यांचा पुंजका क्षणभर चमके. मोजायला वेळ नसे, अंदाजच सांगायचा. आधी लायल कार्डावर लिहून दिलेला मोठा आकडा सांगे, मग आर्विड लिहून दिलेला लहान आकडा सांगे, आणि शेवटी खरा विद्यार्थी बोले. सांगितलेला आकडा प्रत्येक जण पुढ्यातल्या कागदावरही लिही. तो कोणाकडे झुकतो, एवढेच टिपायचे होते.

विद्यार्थी आत येण्याआधी बाहेरच्या खोलीत थेल्मा फॉस त्याला काही सूचना देई. थेल्मा ही हॅडलींच्या हाताखाली संशोधन करणारी पदव्युत्तर विद्यार्थिनी. त्या सूचना काय असतात, हे लायल आणि आर्विडला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असू नये असा नियमच होता. जाणणारा माणूस नकळत भुवई उंचावतो, शब्दावर जोर देतो, आणि मग जे मोजले जाते ते त्या भुवईचेच माप ठरते.

आर्विडला कळत होते ते एवढेच, की मधल्या खुर्चीवर कोणीही बसो, ते लायलकडे झुकते.

"आजही माझ्याकडेच आला बघ तो," कँटीनमध्ये ॲपल पायचा तुकडा तोडत लायल म्हणाला. "तुझ्या आकड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही त्यानं."

"आकडे आपले नाहीत, लायल. कार्डावरचे वाचतो आपण."

"तेच तर म्हणतोय. लिहून दिलेलं वाचूनसुद्धा तुझं कोणी ऐकत नाही." शेजारच्या टेबलावरची मुले हसली. "रागावू नकोस, पण तुझा आवाज कसा आहे सांगू? गिऱ्हाइकाला बुटाचा नंबर विचारल्यासारखा."

हे जिव्हारी लागले, कारण ते खरे होते. शनिवारी आर्विड आपल्या काकांच्या बुटांच्या दुकानात गुडघ्यावर बसून लोकांच्या पायांची मापे घेत असे. त्या शनिवारी त्याने लायलसारखा खर्जातला, सावकाश आवाज काढून पाहिला. एका शेतकरीण बाईंना तो त्या आवाजात कातड्याचे गुण सांगत असताना नेल्स काका मागच्या खोलीतून बाहेर आले.

"काय रे, घसा बसलाय का?"

"नाही, काका."

"मग बूट विक की सरळ. चर्चमधल्या पास्टरसारखा काय बोलतोयस? त्या बाई घाबरल्यात."

खोलीतही त्याने सारे उपाय करून पाहिले. टाय घातला. आकडा सांगण्यापूर्वी लायल जसा क्षणभर थांबतो, तसा थांबला. मधल्या विद्यार्थ्याकडे हलकेच पाहिले. असे केल्याने आपण मोजमाप नासवतो आहोत हे त्याला समजत होते. पण लायलच्या स्वेटरच्या वर आलेली ती निश्चिंत मान दिसली की समजुतीचे काही चालत नसे. आपण एकदा तरी डावीकडे बसलो तर बघू, असे त्याच्या मनाने घेतले.

"जागा बदलूया का, मिस फॉस? फक्त आजच्यापुरती."

"नाही," थेल्मा कार्डे लावत म्हणाली. "लायल डावखुरा आहे. उजवीकडे बसला की लिहिताना त्याचं कोपर मधल्याला लागतं. प्रोफेसरांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय, त्याला तिथंच राहू द्या."

पुढच्या बैठकीला आर्विड लवकर आला आणि डाव्या खुर्चीवर बसला. लायल आला, थबकला, खांदे उडवले आणि उजवीकडे बसला. कार्डे खुर्च्यांच्या हातांवर ठेवलेली असत. त्यामुळे मोठे आकडे आता आर्विडकडे होते. लाल रुमाल बांधलेली एक मुलगी आत आली. पहिला पुंजका चमकल्यावर आर्विड म्हणाला, "ऐंशी." लायल म्हणाला, "पंचेचाळीस." मुलीने आधी लायलकडे पाहिले, मग आर्विडकडे, आणि म्हणाली, "पंचाहत्तर."

शेवटपर्यंत ती त्याच्याबरोबर राहिली. एवढे कोणी आपले ऐकून घेतल्याचे आर्विडला आठवत नव्हते. लायलचे कोपर तिला तीन-चारदा लागले, त्याचाही त्याला आनंद झाला.

मुलगी गेल्यावर थेल्मा आत आली. तिने दार लावले.

"तिथं कोणी बसायला सांगितलं तुला?"

"ऐकलं ना तिनं माझं, मिस फॉस? टिपलंत ना तुम्ही?"

"ही बैठक बाद." ती त्याच्या समोर बसली. "आता सांगायला हरकत नाही. बाहेर मी प्रत्येकाला सांगते, की डाव्या खुर्चीवरच्याला सरावात सगळ्यांत जास्त गुण मिळालेत आणि उजवीकडच्याला सगळ्यांत कमी. नावलौकिकानं माणूस किती वळतो, ते आम्ही पाहतोय."

"म्हणजे इतके दिवस मी सगळ्यांत कमी होतो?"

"ती खुर्ची होती, आर्विड."

"खुर्चीवर मीच होतो ना पण."

उजवीकडून लायल खो खो हसला. "म्हणजे लोक खुर्चीचं ऐकत होते? असू दे. ऊबदार होती तशी." त्याने मफलर गुंडाळला आणि गेला. आर्विडला सर्वांत जास्त टोचले ते हे. ज्या गोष्टीसाठी आपण आवाज बदलला, टाय घातला, नियम मोडला, ती लायल वाटेवरच्या काडीसारखी टाकून गेला.

"मग लायलचं काहीच नव्हतं त्यात?" त्याने विचारले.

थेल्माने खुर्च्यांवरची कार्डे गोळा केली. "ते सांगता आलं असतं," ती म्हणाली, "दर वेळी नाणं उडवून तुमच्या जागा ठरवल्या असत्या तर. मी म्हटलं होतं प्रोफेसरांना. त्यांना कोपराची काळजी."

"आता उडवा. मी रोज येतो."

"पहिल्या वर्षाची सगळी मुलं होऊन गेली."

"दुसऱ्या वर्षाची बोलवा."

"तुम्ही कार्डावरचे आकडे वाचता, हे त्यांना कळलंय. कँटीनमध्ये तुम्ही दोघं काय हळू आवाजात बोलत होतात?"

हॅडलींनी तेवढ्यावरच अहवाल लिहिला. तो कुठे छापला गेला नाही. लायल पुढे राज्याच्या राजधानीतल्या एका रेडिओ केंद्रावर मक्याचे आणि डुकरांचे भाव वाचू लागला, आणि गावातले शेतकरी त्याच्या शब्दावर माल अडवून धरू लागले. आर्विडने काकांचे दुकान चालवले. दुपारी भाव सुरू झाले, की तो उठून रेडिओ बंद करी. गिऱ्हाइके कुरकुरत. त्याची बायको सिग्ने म्हणे, "अहो, भाव बाजार ठरवतो, तो माणूस नाही." तो म्हणे, "कोणी सिद्ध केलंय?"

ते कोणीच सिद्ध केलेले नाही. विद्यार्थी लायलमुळे वळत होते की त्याच्याविषयी सांगितलेल्या गुणांमुळे, हे ठरवता येत नाही. जागा बदलल्याच गेल्या नाहीत. ज्या एका बैठकीत त्या बदलल्या, तिथे मुलीने खुर्चीचे ऐकले, मोठ्या आकड्यांचे ऐकले, की सतत लागणाऱ्या कोपराला कंटाळून ती दुसऱ्या बाजूला झुकली, हे माहीत नाही. तिने आर्विडचेच ऐकले असण्याची शक्यता नाकारता येत नाही. ती मुलगी कोण होती, तेही माहीत नाही. बाद बैठकीत नाव टिपण्याची पद्धत नव्हती.