मण्यार आणि साहेबांची सही

प्राणिसंग्रहालयाच्या सर्पगृहात काकांनी बावीस वर्षं मण्यारी सांभाळल्या. घरी बायको म्हणायची, "त्या मण्यारीचं वेळापत्रक तोंडपाठ आहे, माझा वाढदिवस मात्र लक्षात राहत नाही." दिवसभर मण्यार वेटोळं घालून, त्यातच डोकं खुपसून पडलेली असायची. काचेवर टकटक करून कंटाळलेले लोक ती रबराची असल्याची तक्रार करायचे, आणि साहेब काकांकडून लेखी खुलासा मागवायचे. "सदर साप रात्रपाळीला असतो," हा खुलासा फायलीत अकरा वेळा लागला होता.

एका दुपारी साहेबांनी स्वतःच तिला उचलून पाहिलं. मण्यारीने हूं की चूं केलं नाही. साहेबांची छाती फुगली. शनिवारी संध्याकाळी सात वाजता पाहुण्यांसमोर ती हातात धरून आपण भाषण करणार, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

काका अपघात-भरपाईचा अर्ज घेऊन गेले. "साहेब, सही आत्ताच करून ठेवा. अंधार पडला की ती वेगळीच असते. चावली तरी दुखत नाही, सूजही येत नाही, त्यामुळे भाषण चालू राहील. पण नंतर पापण्या उचलत नाहीत आणि बोटांत पेन धरवत नाही."

साहेबांनी शांतपणे कार्यक्रमपत्रिकेतलं आपलं नाव खोडलं आणि आपल्या खुर्चीवर डोळा ठेवून असलेल्या उपसाहेबांचं लिहिलं.

"अर्जही त्यांच्याच नावाने करा," ते म्हणाले. "सही मात्र नंतर घ्या."