सातवी ओळ

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे रांगोबा म्हणतात. हे नाव मीच ठेवलं. तो पाच वर्षांचा असताना दाराबाहेरच्या चपला मापाप्रमाणे लावायचा. सुरुवातीला बाबांचे बूट, शेवटी स्वतःच्या इवल्याशा सँडल. मधली एखादी जोडी घालून कोणी बाहेर गेलं की त्या रिकाम्या जागेकडे बघत बसायचा. पाहुणे आले की त्यांच्या पायांकडे आधी नजर जायची, चेहऱ्याकडे मागाहून. पुढे आई आजारी पडली तेव्हा तिच्या गोळ्यांच्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या त्यानेच. मी तेव्हा नर्सिंग शिकत होते, पण आई गोळी घ्यायची ती त्याची चिठ्ठी वाचून. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू.

आता मला वॉर्डात तेवीस वर्षं झाली. माझा आवाज मोठा आहे, रुग्णांचे नातेवाईक मला वचकून असतात आणि मला ते आवडतं. रांगोबा अगदी उलटा. त्याला रांगेत कोणी ढकललं तर तोच 'सॉरी' म्हणेल. तो प्रोग्रॅमर झाला आणि योगायोग असा, की त्याच्या कंपनीने आमच्याच रुग्णालयाचं काम घेतलं. रुग्ण घरी जाताना त्याला सूचनांचा कागद मिळतो. जखम कशी धुवायची, इंजेक्शन कसं द्यायचं, एकाखाली एक आकडे टाकून. पूर्वी आम्ही ते हाताने लिहायचो आणि डॉक्टरांचं अक्षर औषधवाल्यालाही लागायचं नाही. रांगोबाच्या प्रोग्रॅममुळे बटण दाबलं की स्वच्छ छापील कागद बाहेर. मी सगळ्या वॉर्डाला सांगत फिरायचे, हे माझ्या भावाने केलंय. दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमने जरा कुरकुर केली की मी नाकं मुरडायचे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

चार वर्षं तो कागद बिनचूक निघाला.

मग ते आजोबा आले. गिळता येत नव्हतं म्हणून त्यांना नाकातून पोटात नळी घातली होती. त्यांचं सगळं त्यांची सून करायची. बारीक चणीची, कमी बोलणारी बाई, पण एकदा दाखवलं की विसरायची नाही. घरी सोडायच्या आदल्या दिवशी मी तिला नळीतून अन्न कसं द्यायचं ते करून दाखवलं. हात धुवा. मग सिरिंजने थोडं ओढून नळी पोटातच आहे ना ते तपासा. मग डोक्याकडची बाजू उंच करा, थोडं पाणी सोडा, पातळ अन्न हळूहळू सोडा, पुन्हा पाणी, मग बूच. सात पायऱ्या. त्यातली दुसरी सगळ्यात महत्त्वाची, कारण नळी सरकली असेल तर अन्न पोटाऐवजी फुफ्फुसात जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात नुसता गोंधळ. दोन नवे रुग्ण, एक सिस्टर रजेवर, फोन वाजतोय. मी कागद छापला, सही केली आणि सुनेच्या हातात दिला. ती दारापर्यंत गेली आणि परत आली. कागदाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "सिस्टर, हे तपासायचं शेवटी कसं? काल तुम्ही आधी दाखवलं होतंत."

मी बघितलं. तपासायची पायरी सातवी होती. दिसली मला. आणि तरी मी म्हणाले, "आकडे टाकलेत ना कागदावर? त्याच आकड्यांनी करा. स्वतःचं डोकं चालवू नका."

ती "बरं" म्हणाली आणि गेली.

तिसऱ्या दिवशी आजोबांना परत आणलं ते धाप लागलेल्या अवस्थेत. नळी सरकली होती आणि अन्न फुफ्फुसात गेलं होतं. नवव्या दिवशी ते गेले. डॉक्टरांनी आजोबांच्या मुलाला विचारलं, नळी आधी तपासली होती का? मुलाने बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, कागदात शेवटी तपासायला सांगितलं होतं. कागद कुठाय? त्यावर अन्न सांडलं होतं, तो घरच्यांनी फेकून दिला होता. मग आमच्या कारकुनाने कॉम्प्युटरवरून तोच कागद पुन्हा काढला, तर तपासायची पायरी दुसऱ्या नंबरावर! मुलगा कॉरिडॉरमध्ये सगळ्यांदेखत तिला म्हणाला, "सात ओळी धड वाचता येत नाहीत तुला?" ती माझ्याकडे बघत होती. मी दुसऱ्या रुग्णाची सलाइन बघायला वळले.

खाई त्याला खवखवे म्हणतात. मला अन्न गोड लागेना. तो पुन्हा काढलेला कागद मी दहा वेळा बघितला आणि दहाही वेळा दुसरी पायरी दुसरीच होती. मलाच भास झाला असावा, असं स्वतःला समजावून बघितलं. पण तिचं बोट ज्या ओळीवर होतं ती कागदाच्या तळाला होती, त्याचं काय करू?

रांगोबा दर रविवारी दुपारी माझ्याकडे जेवायला येतो. त्या रविवारी मी त्याला सांगितलं. म्हणजे अर्धंच सांगितलं. सूचना उलटसुलट आली होती आणि आजोबा गेल्यावर पुन्हा काढली तर नीट आली, एवढं सांगितलं. ती विचारायला आली होती आणि मी तिला काय म्हणाले, ते गिळलं.

त्याचा घास हातातच राहिला. "सातवी होती? नक्की?"

"देताना ओझरतं बघितलं मी. गडबड होती."

"त्या ओळीत त्याआधी कोणी काही बदललं होतं का?"

बदललं होतं. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी त्या ओळीतला एक शब्द आठवडाभर आधीच सुधारून घेतला होता. ऐकल्यावर त्याने ताट बाजूला सारलं.

"आजोबा गेल्यावर कागद पुन्हा काढला, तो नव्या सर्व्हरवरून ना?"

"मला काय कळतंय सर्व्हरमधलं! मधल्या रविवारी तुमची माणसं काहीतरी नवीन बसवून गेली खरी."

मग त्याने मला समजावलं, आणि इतक्या शांतपणे समजावलं की मलाच भीती वाटली. त्यांच्या धंद्यात अख्ख्या कागदाला पालक म्हणतात आणि त्यातल्या ओळींना मुलं. प्रोग्रॅमची भाषा वेगळी, माहिती ज्या तक्त्यांत ठेवतात त्यांची वेगळी, म्हणून मधे एक दुभाष्या असतो. त्याला ते मॅपर म्हणतात. रांगोबाने मॅपरला सांगितलं, या पालकाची मुलं आण. तो आणायचा, सातच्या सात.

"पण थोरलं कोण आणि धाकटं कोण, हे मी कुठे लिहूनच ठेवलं नव्हतं, ताई. त्यासाठी वेगळा रकाना लागतो, आणि या रकान्याप्रमाणे आण असं मॅपरला सांगावं लागतं. नाहीतर दारात जो आधी दिसेल तो पहिला. ज्या क्रमाने भरली त्याच क्रमाने इतकी वर्षं मिळत गेली, म्हणून मला वाटलं मॅपरच क्रम सांभाळतोय. एका ओळीतला शब्द बदलला, ती ओळ उचलून शेवटी ठेवली गेली. पुढे सगळं नव्या सर्व्हरवर हलवताना मुळात भरलेल्या क्रमाने उतरवलं, म्हणून ती परत जागेवर आली."

"आणि ते आकडे?"

"आकडे छापताना पडायचे. आधी आली ती एक, शेवटी आली ती सात." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मी, ताई. चपला लावणारा मी."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी ताटं उचलली.

दुसऱ्या दिवशी त्याने साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, रकाना घालून टाक, पुढच्या आवृत्तीत जाऊ दे, झाकली मूठ सव्वा लाखाची. रांगोबाने रकाना घातला, आणि जुन्या सर्व्हरवरचे सगळे कागद एकेक करून तपासले. त्यातले अकरा बिघडलेले निघाले. मग साहेबांना न विचारता त्याने आमच्या अधीक्षकांना पत्र लिहिलं. चौकशी बसली तेव्हा जुन्या सर्व्हरची जपून ठेवलेली प्रत त्याने सगळ्यांसमोर लावली आणि कागद छापला. तपासायची पायरी सातवी आली.

अधीक्षकांनी विचारलं, "असा कागद वॉर्डातून बाहेर गेला, तो कोणाच्या लक्षात कसा आला नाही?"

मी भिंतीशी उभी होते. माझी सही त्या कागदावर होती, पण कागदच उरला नव्हता. रांगोबाने खाली बघितलं आणि म्हणाला, "आकडे बरोबर दिसत होते, सर. माणूस आकड्यांवर विश्वास ठेवतो." झालं, तो विषय तिथेच संपला. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याची लाज अजून गेलेली नाही.

आजोबांच्या घरी 'तांत्रिक दोष' म्हणून दिलगिरीचं पत्र गेलं. महिन्याभरात रांगोबाची नोकरी गेली. कंपनीने कारण दुसरंच लिहिलं. मला वाटलं, निदान त्या सुनेची तरी सुटका झाली. कसली सुटका! आमची आया त्यांच्याच गल्लीत राहते, तिने सांगितलं. नवरा म्हणे अजूनही तिच्याशी बोलत नाही. त्याचं म्हणणं, कागद चुकला असेल, पण अन्न देऊन झाल्यावर नळी तपासायची, हे कोणालाही खटकलं असतं, हिला तोंड नव्हतं का विचारायला? ती म्हणते, मी विचारलं होतं. तिचं खरं मानायला घरात कोणी तयार नाही.

आणि रांगोबाने रविवारी येणं बंद केलं. एक रविवार गेला, दुसरा गेला. फोन केला तर म्हणायचा, जरा काम आहे. नोकरी नसलेल्या माणसाला रविवारी कसलं काम? चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, याला कळलंय. पाचव्या रविवारी वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं आणि आयाकडून आजोबांच्या घरचा पत्ता घेऊन निघाले.

तिसरा मजला. दाराबाहेर चपला मापाप्रमाणे लावलेल्या होत्या, आणि त्यांत रांगोबाचे बूट होते.

दार सुनेनेच उघडलं. आणखी वाळली होती. मला बघून दचकली नाही. "आलात?" म्हणाली.

"माझा भाऊ इथे..."

"दर रविवारी येतात. पहिल्यांदा आले तेव्हा आमच्या ह्यांनी दार लावून घेतलं होतं. ते जिन्यात बसून राहिले." तिने आवाज खाली आणला. "तुम्ही काय म्हणाला होतात, ते मी त्यांना तेव्हाच सांगितलं. मी म्हटलं, तुम्हीच सांगा ना आमच्या ह्यांना. तर म्हणाले, मी सांगितलं तर ते ऐकीव होईल. ताई येईल. ती खोटं बोलत नाही, तिला फक्त वेळ लागतो."

मी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या.

ती आत वळून म्हणाली, "अहो, सिस्टर आल्यात."

आजोबांचा मुलगा खुर्चीत बसला होता. समोर रांगोबा, गुडघ्यांवर हात ठेवून. मला बघून तो उठला आणि त्याने आपली खुर्ची मला दिली. मी बसले नाही.

"त्यांनी विचारलं होतं," मी मुलाला म्हणाले. "जाताना दारातून परत आल्या होत्या. तपासायचं शेवटी कसं, असं ओळीवर बोट ठेवून विचारलं होतं. मला चूक दिसली होती. तरी मी त्यांना म्हणाले, डोकं चालवू नका."

तो माझ्यावर ओरडेल म्हणून मी खांदे आवळून उभी होते. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो त्याच्या बायकोकडे बघत होता.