वानखडे सरांनी दिलेली यादी

पानठेल्यावर रिकामं उभं असलेलं पोरगं दिसलं की वानखडे सर स्कूटर थांबवणारच. "काहून बे, ठेला तुह्या बापाचा हाय का? चाल, नेट बांधू लाग." पोरगं कुरकुरत मागे बसायचं आणि तासाभरानं व्हॉलीबॉलच्या मैदानावर घामाघूम झालेलं दिसायचं. अकोल्याच्या आमच्या शाळेत सर पीटी शिकवत, मी मराठी. निवृत्त झाले तरी त्यांचा हा उद्योग सुटला नाही. वस्तीतल्या दोन मोहल्ल्यांची पोरं एकमेकांची डोकी फोडायची. सरांनी त्यांना एकाच संघात कोंबलं. "पास देल्याबिगर पॉइंट भेटत नाही ना मॅडम," ते हसत सांगायचे. "मंग देतेत बरोबर!"

शांतता समितीच्या मदतीला पोलिसांनी तरुण स्वयंसेवक मागितले, तेव्हा सर हरखून गेले. "पोलीस आपल्या पोराइले मित्र म्हणून राहिले! तुमचं अक्षर चांगलं हाय, तुमीच लिहा." त्यांच्या ओट्यावर बसून मी नावं, पत्ते, मोबाइल नंबर लिहिले, फोटो चिकटवले. पहिलं नाव सोहेलचं. संघाचा कप्तान, पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावणारा. "साऱ्यात भरोशाचा," सर म्हणाले.

पुढे एका मिरवणुकीत चौकात दगड पडले. ठाण्यातले जुने साहेब तोवर बदलून गेले होते. नव्या साहेबांच्या हाती वस्तीतल्या पोरांची एकच यादी लागली, फोटोसकट. सगळ्यांना नोटिसा गेल्या! सोहेल त्या वेळी समितीचा बिल्ला लावून म्हाताऱ्या माणसांना बाजूला नेत होता. पण तो चौकात होता, एवढंच कागदावर आलं आणि त्याचं नाव गुन्ह्यात गेलं. भरतीत तो निवडला गेला आणि चारित्र्य पडताळणीत अडकला.

सर रोज ठाण्याच्या बाकावर जाऊन बसायचे. साहेब चहा पाजायचे, "बघतो सर" म्हणायचे. एकदा सहज म्हणाले, "पण सर, यादी तर तुमचीच ना?" सर चहा तसाच ठेवून उठले. मेलं माझं वळणदार अक्षर! मला संताप आला होता, पण तो काढायचा कोणावर?

भरतीची मुदत निघून गेली. सोहेलनं नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात काम धरलं. तो निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. सर हात जोडायला लागले, तर त्यानं ते घट्ट धरले.

"ऐसा मत करो सर. तुमी तं आमच्या भल्यासाठीच करून राहिले होते."

त्याच्या आईनं आग्रहानं शिरखुर्मा खाऊ घातला. सरांनी वाटी रिकामी केली. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मात्र ते भिंतीला हात टेकून उभे राहिले.

"मॅडम, पोट्ट्यानं दोन शिव्या तरी द्याच्या होत्या ना मले," ते म्हणाले आणि भर रस्त्यात रडू लागले.