बाबांची टेकायची जागा

“वयनी, हितं कोन टेकून बसायचा काय?” रंगारी आईला विचारत होता आणि मी दाराआड उभी होते. आई नुसती खोकली. बाबा बसायचे तिथं, रोज संध्याकाळी, डोकं भिंतीला लावून. त्यांच्या केसांच्या तेलाचा गोल डाग ते गेल्यावरही राहिला, आणि पावसाळ्यात बरोबर त्याच डागावर काळी बुरशी धरायची, मग खांद्यांसारखी खाली पसरायची. जांभ्याच्या भिंतीतून ओल झिरपायची, खोलीला भिजक्या गोणपाटाचा वास असायचा, आणि आई त्याच भिंतीला लागून झोपायची. तिचा दमा वाढला तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, तो गिलावा खरवडून काढा. “बाकीचं काढ. तेवढं राहू दे,” आई म्हणाली. “तेवढंच तर काढायचा हाय, वयनी,” असं म्हणून रंगारी खरवडायचा पत्रा हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. घरात मी कधी मोठ्यानं बोलत नसे. अजूनही ओल्या चुन्याचा वास आला की त्या दिवशीचा माझाच अनोळखी आवाज मला ऐकू येतो. मी भिंतीपाशी गेले आणि म्हणाले, “बाबा, उठा आता. आईला श्वास घेता येत नाहीये.”