लिंबायतमधला सात वाजताचा डोस

धुळ्याहून सुरतला निघालेल्या एसटीत मी आमच्या तिघा विद्यार्थ्यांना सांघिक कामावर भाषण दिलं. नवापूर येईपर्यंत तिघंही गाढ झोपले होते. डॉक्टरकीचा रोहन, नर्सिंगची वैशाली आणि माझ्याच फार्मसीची नेहा. वेगवेगळ्या विषयांच्या मुलांनी एकत्र रुग्ण पाहायला शिकावं, म्हणून हे शिबिर.

सुरतेत उतरून लोचो (डाळीचा वाफवलेला मऊ नाश्ता) खाल्ला. बायकोने तेलकट वर्ज्य सांगितलंय, म्हणून वरचं तेल निथळू दिलं. तेवढाच संयम.

रिक्षाने लिंबायतला भगवानभाऊंच्या खोलीवर गेलो. ते शिरपूरकडचे, लूमच्या खात्यात (यंत्रमागाच्या कारखान्यात) रात्रपाळीला. गेल्या शिबिरात त्यांना इन्सुलिन सुरू झालं होतं. आता पायाची जखम चिघळली होती, आणि पाय वाचवायचा होता.

सकाळचे अकरा. आम्ही चौघं त्या खोलीत शिरलो आणि रात्रपाळी करून झोपलेला माणूस दचकून उठला.

"आते कोन शे?" (आता कोण आहे?)

"धुळ्याचे सर शेतस (आहेत)," त्यांची बायको रेखाताई म्हणाली. "झोपू देत नाहीत आणि म्हणे तब्येत सांभाळा!"

रोहनने जखम पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "काका, इन्सुलिन घेताय ना?"

"बंद करी दिनं." (बंद केलं.)

"असं कसं? निष्काळजीपणा आहे हा!"

वैशालीने त्याला कोपर मारलं. ती अमळनेरची. अहिराणीतच तिने विचारलं, तेव्हा भाऊ बोलू लागले. संध्याकाळी सातला सुई टोचून ते उपाशीच आठला कामावर जात. डबा रात्री अकराला. मधे एकदा साखर उतरून डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते लूमजवळच पडले. पट्ट्यात हात गेला नाही, एवढंच नशीब.

"घरी जेवून का नाही निघालात?" नेहाने विचारलं.

"अन् अकराला काय करू? गावचे सात जण डबे उघडतात. मी नुसता बघत बसू?"

नेहाने इन्सुलिनच्या खोक्यावरचं लेबल वाचलं: 'संध्याकाळी सात वाजता.' जेवणाचा उल्लेखच नव्हता. अक्षर माझं होतं. रुग्णांना घड्याळ नीट कळतं, असं मीच मोठ्या ऐटीत शिकवतो.

"भाऊ, चूक माझी," मी म्हणालो. बसमधलं भाषण आठवून कान गरम झाले.

रोहन खालच्या आवाजात म्हणाला, "माफ करा, काका." मग त्याने तिथल्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी डोस कमी केला, आणि सुईनंतर लगेच जेवायचं असं बजावलं. पण डब्याचं काय? तो प्रश्न रेखाताईंनी सोडवला.

"दोन भाकऱ्या घरी, एक डब्यात. पंगतीत बसाल, पण पोट आधीच भरलेलं. आणि पट्टी बांधायला हीच पोरगी पाहिजे, हिला बोलता येतं."

वैशाली शिबिराचे चारही दिवस पट्टी बांधायला गेली. शेवटच्या संध्याकाळी आम्ही सातला पोचलो, तेव्हा भाऊ सुई टोचून भाकरी मोडत होते. जखम अजून ओलीच होती, पण वास गेला होता.

परतीच्या एसटीत भाषण दिलं नाही. मुलंच बोलत होती, मी ऐकत होतो. घरी येऊन अभ्यासक्रमात एक ओळ घातली: वेळ लिहिण्याआधी विचारा, कधी जेवता आणि कुणाबरोबर. प्राचार्य म्हणतील, ही काय फार्मसी झाली? म्हणू देत. ओळ मी खोडणार नाही.