पुणतांब्याच्या वावरात आत्याचं विमान

श्रीरामपुरात आजवर जितकी विमानं कोसळली तितकी जगातल्या दुसऱ्या कुठल्याही गावात कोसळली नसतील, आणि ती सगळीच्या सगळी माझ्या आत्याने घरच्या हॉलमध्ये बसून पाडलेली आहेत. जीवितहानी शून्य. फार तर एकदा शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या होत्या, त्यांच्या हातातली वाटी पडली. आत्या मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांना पट्टे बांधणारी बाई. खऱ्या विमानात ती एकदाही बसलेली नाही. पण माझा आतेभाऊ नोकरीसाठी परदेशी जाताना आपला खेळायचा मोठा कॉम्प्युटर घरी ठेवून गेला. त्यात विमान चालवण्याचा एक हुबेहूब खेळ होता, हाताने धरायचा दांडा होता, पायाशी दाबायची पेडलं होती. "धूळ पुसते जरा," म्हणून आत्या जी त्या खुर्चीवर बसली, ती अजून उठलेली नाही.

नव्या जेट विमानांचं तिला कौतुक नाही. "लिफ्टमध्ये उभं राहिल्यासारखं वाटतं, बटण दाबा आणि गप्प बसा," असं म्हणून तिने सगळी चकचकीत विमानं नापास केली आणि निवडलं ते एक जुनंपुराणं, पिवळं, दोन इंजिनांचं विमान. फार पूर्वी नव्या वैमानिकांना शिकवायला ते वापरत. "शिकाऊ पोरांसाठी बनवलंय रे, म्हणून सोसतं सगळं," हे त्याचं गुणवर्णन. घोडेगावच्या बाजारात म्हैस घेणारा माणूस जसा तिच्याभोवती फेऱ्या मारतो, दात बघतो, पाठीवर थाप मारतो, तशी ती रोज उडण्याआधी पडद्यावरच्या त्या विमानाची चाकं, पंख, शेपूट सगळं निरखून घेते. या विमानाची शेपटी जमिनीला टेकलेली आणि नाक आभाळात, त्यामुळे धावपट्टीवर समोरचं काहीच दिसत नाही. म्हणून आत्या खुर्चीतून अर्धी उठते, मान लांब करते आणि मॉनिटरच्या वरून पलीकडे बघते. तिथे भिंत आहे आणि भिंतीवर तिच्या सासऱ्यांचा फोटो. हे मी तिच्या लक्षात आणून दिलं तर म्हणाली, "मला माहीत आहे. पण सवय मोडता कामा नये."

दोन्ही इंजिनांचा सूर जुळेपर्यंत ती कोणाशी बोलत नाही. एक जरा पुढे, एक मागे झालं की घूंऽ घूंऽ असा हेलकावे खाणारा आवाज येतो. "दोन जावा आहेत ह्या. एकीला जास्त दिलं की दुसरी रुसलीच," असं पुटपुटत ती दोन खटके मुंगीच्या पावलाने पुढेमागे सरकवते. वर गार असतं म्हणून भर मे महिन्यात स्वेटर घालते. फोन आला तर "मी आत्ता हवेत आहे, उतरल्यावर करते," म्हणून ठेवून देते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, बाईंची परिस्थिती भलतीच सुधारली. आतोबा मागच्या सोफ्यावर पेपर वाचत प्रवास करतात. त्यांना खरोखरच विमान लागतं, म्हणून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात आलेपाकाच्या वड्या असतात. वळण जास्त झालं की ते पेपरामागून फक्त एवढंच म्हणतात, "हळू."

उड्डाण शिर्डीच्या विमानतळावरून, आणि उतरायचं मात्र पुणतांब्याला. पुणतांबा तिचं माहेर; माझी आजी होती तोवर रोज तिथल्या घाटावर धुणं धुवायची. गावात विमानतळ नाही ही अडचण तिने मानलीच नाही. गोदावरीच्या वळणाजवळ माझ्या थोरल्या चुलत्यांचं, म्हणजे आत्याच्या मोठ्या भावाचं, वावर आहे. साधारण त्या जागी ती विमान टेकवायची. टेकायचं कमी, कोसळायचं जास्त. या चुलत्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. आतेभावाच्या लग्नात मामा म्हणून पहिला फेटा अण्णांना बांधायचा, तो दुसऱ्याच कोणाला बांधला गेला, त्यावरून अण्णा जेवण न करता मांडवातून उठून गेले होते. तेव्हापासून बहीणभावाचं बोलणं बंद. भाऊबीज आली की आत्या सकाळपासून विनाकारण डबे घासत बसायची.

तर एका रविवारी मी नगरहून तिच्याकडे गेलो होतो. आत्या नुकतीच इंजिनं तापवत होती. इतक्यात दारात अण्णा. हातात पिशवी, डोक्यावर टोपी, कपाळावर आठ्या. आतोबांनी पेपर खाली घेतला. अण्णांनी ना पाणी मागितलं, ना बसले.

"तायडे, माझ्या वावरात रोज इमान उतरिवतीस म्हनं तू?"

आत्याने मान वळवली नाही. "कोणी सांगितलं?"

"आख्खं गाव सांगतंय. एका शब्दानं इचारलंस का मला?"

"विचारायला बोलायला लागतं, दादा," आत्या म्हणाली. मग जरा थांबून, "बस त्या खुर्चीवर. निघायची वेळ झालीय."

आणि अण्णा बसले! शेजारच्या खुर्चीत, पिशवी मांडीवर धरून, एसटीत बसावं तसे. विमान उडालं. खाली नदी दिसली तसे ते पुढे सरकले. "ती गोदामाई व्हय? आता डावीकडं घे. न्हाई, लई झालं. हां, हितं!" मग एकदम कडाडले, "आन् माझा ऊस कुठाय? ही जांभळीसारखी झाडं कोनी लावली हितं?" खेळ बनवणाऱ्यांना उसाची कल्पना नसावी. त्यांनी अण्णांच्या सगळ्या रानात जंगल लावून ठेवलं होतं.

आत्या काही सांगणार तेवढ्यात डावं इंजिन फुर्रर्र करून बंद पडलं. कधीही, न सांगता एखादं इंजिन बंद पडावं अशी सोय तिनेच खेळात करून ठेवली होती. जन्मभर मुलींच्या अचानक चाचण्या घेतलेली बाई, स्वतःला कशी सोडेल? विमान डावीकडे ओढायला लागलं. अशा वेळी उजवं पेडल जीव खाऊन दाबून धरावं लागतं, आणि नेमका उजवा गुडघा तिचा जास्त दुखरा.

"दादा, पाय पुरत नाही रे माझा!"

अण्णांनी पिशवी टाकली, वहाण झटकली आणि आपला शेतकरी पाय तिच्या पावलावर ठेवून दाबला. "दाबलाय! फुडं बोल!"

"अजून!"

"आता पेडल जमिनीत जाईल की!"

"दादा, झाडं!"

"उडीव! माझीच हायेत, मोडली तर मोडू दे!"

मागे आतोबांनी आलेपाकाच्या दोन वड्या एकदम तोंडात टाकल्या. मी उभा राहिलो होतो, का ते मला सांगता येणार नाही. विमान झाडांच्या शेंड्यांना घासून गेलं, एक उडी मारली, दुसरी मारली आणि नदीकाठच्या मोकळ्या पट्टीवर घसरत जाऊन, पंख तिरका करून उभं राहिलं. अख्खं. पहिल्यांदाच अख्खं.

मग अण्णांना हसू फुटलं. ते बघून आत्याला फुटलं. दोघं एकमेकांचे हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, शाळकरी पोरांसारखी हसत राहिली. अण्णांचा पाय अजून तिच्या पायावरच होता. फेट्याचा विषय निघाला नाही. त्या दिवशी अण्णा जेवून गेले, आणि जाताना दारातून म्हणाले, "बुधवारी येतो. उजव्या अंगाला मी न्हाई तर पाडशील तू."

तेव्हापासून दर बुधवारी उजवीकडची खुर्ची अण्णांची. आत्याचा गुडघा खरं तर आता बराच सुधारलाय, पण ती तसं त्यांना सांगत नाही.

हल्ली अण्णांना दिसत नाही. डोळे हळूहळू विझत गेले आणि डॉक्टरांनी आता उपाय नाही म्हणून सांगितलं. तरी माझ्या एका चुलतभावाचा हात धरून ते येतात, वहाण काढून पाय पेडलाजवळ ठेवतात आणि मान किंचित वर करून बसतात. गेल्या खेपेला मी तिथे होतो. विमान नदीवर आलं होतं.

"आली का गं?" अण्णांनी विचारलं.

"आली. पाणी बरंच आहे." पडद्यावर एक निळा पट्टा होता, बाकी काही नाही. आत्या त्याच्याकडे बघत सांगत होती, "घाटावर ऊन पडलंय. पायरीवर कोणीतरी धुणं धुतंय. आई दिसतेय, दादा."

अण्णांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग हळूच म्हणाले, "हाक नको मारूस. कामात आसंल ती."

आत्याने हाक मारली नाही. तिने इंजिनांचा आवाज थोडा कमी केला, विमान जरासं कलतं केलं आणि घाटावरून एक मोठी, सावकाश फेरी घेतली.