करंजाला शेंगा धरल्या तेव्हा

इथं परदेशात, चोआ चू कांगला आमच्या ब्लॉकसमोर एक करंज आहे. तो करंज आहे हे अख्ख्या ब्लॉकमध्ये फक्त मला ठाऊक, आणि ते मी कुणाला विसरू देत नसे. खरं तर तो ओळखला बाबांनी. उभा जन्म वनखात्यात काढलेला माणूस. माझ्या लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला ते आले, तेव्हा झाड जेमतेम खांद्याएवढं होतं. त्यांनी पान चुरगळून हुंगलं, एका देठावरची तुकतुकीत पानं मोजली आणि म्हणाले, "करंज. इंग्रजीत याला इंडियन बीच म्हणतात, पण खऱ्या बीच वृक्षाशी याचं काही सोयरसुतक नाही. अजून पोर आहे. पाचेक वर्षांनी शेंगा धरेल. तेव्हा मात्र हिला जप, बी विषारी असतं."

पुढची पाच वर्षं मी येणाऱ्याजाणाऱ्याला पानं दाखवून शहाणपणा मिरवला. बाबांचं शेवटचं वाक्य तेवढं विसरले.

गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी लेक त्या झाडाखाली बाहुलीचा बाप्पा करून पूजा मांडून बसली होती. मी बाकावर बसून ऑफिसच्या मेल बघत होते. सहज तिच्याकडे पाहिलं, तर तिच्या भातुकलीतल्या ताटलीत दगडानं ठेचून फोडलेली एक शेंग होती. आकार हुबेहूब करंजीचा. मी मान वर केली. फांद्यांवर शेंगांचे घोस लटकत होते. माझ्या डोक्यात ते झाड अजून खांद्याएवढंच होतं.

"यातलं बी कुठंय?"

"बाप्पाला दिलं. मग मी प्रसाद खाल्ला."

"किती खाल्लंस?"

"वन ओन्ली लाह," ती इथल्या इंग्रजीत म्हणाली.

फुटलेली शेंग पर्समध्ये टाकली, तिला उचललं आणि टॅक्सी गाठली. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला, झाड नक्की कुठलं? इतकी वर्षं लोकांना ठणकावून सांगणारी मी, आणि आता जीभ रेटेना. बाबांना व्हिडिओ कॉल लावला.

"शेंग नीट दाखव," ते म्हणाले. "टोकाला बारीक चोच आहे? आत एकाच बीची जागा? पान आणलंयस का?"

"नाही हो बाबा. झाड तेच, तुम्ही पाहिलेलं."

"मग करंजच." मग म्हणाले, "पण अगं, ते कडूजहर असतं. दाताखाली आलं की कुठलंही पोर थुंकून टाकतं. पोटात गेलंच नसेल. विचार तिला."

मला एवढा धीर आला की मी जवळजवळ हसतच विचारलं, "कडू होतं का गं?"

"व्हेरी कडू."

"मग थुंकलंस ना?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "प्रसाद थुंकायचा नसतो. तूच सांगितलंस ना, आई."

सांगितलं होतं. गेल्या गणपतीत तिनं पंचखाद्य तोंडातून काढलं, तेव्हा चारचौघांत डोळे वटारून सांगितलं होतं.

दुपारपर्यंत तिला दोनदा उलट्या झाल्या. नर्स दर थोड्या वेळानं नाडी बघून जायची आणि मी नर्सचा चेहरा बघायचे. देवाला काही मागायचीही मला त्या दिवशी लाज वाटत होती. लेकीचा हात धरून एकच घोकत होते, "कडू लागलं तर थुंकायचं. प्रसाद असला तरी. मी दिलेलं असलं तरी." ती ग्लानीत मान हलवत होती. संध्याकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरी न्या, आता काळजी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढची साखर मी नेहमीसारखी तिच्या तळहातावर ठेवली. तिनं आधी जिभेचं टोक लावलं. थांबली. माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि मगच खाल्ली. मी सांगितलं होतं अगदी तसंच केलं तिनं.